चंदनाखालची पट्टी

मामंजी गेले तेव्हा गावाकडची जमीन थोरल्या दिरांकडे राहिली आणि आमच्याकडे मशीन आली. आली म्हणजे काय, ती आधीपासून आमच्याच घरात होती, इथे तमीळ मुलखात अंबत्तूरला, बाल्कनीतल्या खुंटीवर. फक्त त्या दिवसापासून ती आमची झाली. लाकूड कापायची मशीन. लोक तिला चेनसॉ म्हणतात. आमच्या घरात मिक्सर आहे, कपडे धुवायची मशीन आहे, पण नुसतं मशीन म्हटलं की तीच.

दुपारी जेवून आडवी झाले की डोळा लागता लागता मला तिचा आवाज येतो. लांब कुठेतरी, तीन-चार गल्ल्या पलीकडे, कुणीतरी ओंडका कापतंय. आवाज आधी जाड असतो, मग बारीक होतो, मग लाकूड तुटतं आणि मशीन मोकळी होऊन हसल्यासारखी वाजते. मी उठून बसते तर पंखा फिरत असतो. आवाज आलाच नव्हता असं मी कितीदा स्वतःला सांगितलं असेल.

लग्न होऊन मी साताऱ्याकडून इथे आले तेव्हा मला या गावचा एक शब्द येत नव्हता. तसं मराठीत तरी मी कुठे बोलायचे! चौथीनंतर शाळा सुटली, आणि चारचौघांत बोलायची वेळ आली की माझा घसा आतून बंद होतो. अजूनही होतो. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. हे सकाळी कारखान्यात जायचे. मामंजींना वादळ झालं की खूप काम, पडलेली झाडं कापायची, तारांवर आलेल्या फांद्या उतरवायच्या. एरवी काम असेल तसं. काम नसलं की घरात आम्ही दोघंच. मी डोक्यावरचा पदर सांभाळत स्वयंपाकघरात, ते बाहेरच्या खोलीत. दिवस दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

एका दुपारी त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पोतं अंथरलं, त्यावर मशीन ठेवली आणि बाजूला एक बारीक गोल कानस ठेवली.

"पोरी, तुझे डोळे चांगले आहेत. मला आता हिचे दात दिसत नाहीत."

मी कानस उचलली.

साखळीला दात असतात, एक उजवीकडे कललेला, एक डावीकडे. आधी एका अंगाचे सगळे घासायचे, मग मशीन फिरवून दुसऱ्या अंगाचे. कानस पुढे ढकलायची, मागे ओढायची नाही. मामंजींनी एवढंच सांगितलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. मी घासत बसले. पोत्यावर चांदीसारखी पूड पडत होती. आणि दातांत अडकलेला भुसा सुटला तसा एक वास वर आला, कडू, हिरवा.

"कडुलिंब," माझ्या तोंडून गेलं.

मामंजींनी डोळे उघडले. "कुणी सांगितलं?"

"वास येतोय."

ते एवढे हसले की त्यांना खोकला लागला. मग तो खेळच झाला. कामावरून आले की मशीन उंबऱ्याशी ठेवायची आणि म्हणायचं, "सांग." मी साखळीला नाक लावायची. चिंच आंबूस, ओळखायला सोपी. गुलमोहराला वास जवळजवळ नसतोच, तोही त्यावरूनच ओळखायचा. सगळ्यात अवघड ते मोठं छत्रीसारखं झाड, संध्याकाळी पानं मिटून घेणारं. इथे त्याला तूंगुमूंजी म्हणतात, झोपाळू तोंडाचं. त्याचा वास गोडसर, ओल्या गुळासारखा, आणि तो यायला वेळ लागतो. घाई केली की चुकायचं. मी चुकले की मामंजी म्हणायचे, "फसलीस! झोपाळू होतं." तमीळचा मला आलेला पहिला मोठा शब्द हा.

अशी वर्षं गेली. लेक झाली, मोठी झाली, कॉलेजात गेली. मामंजी गेले. मशीन खुंटीवर राहिली.

या वर्षी आयुध पूजेच्या आधी ह्यांनी बाल्कनीत उभं राहून तिच्याकडे पाहिलं. इथे खंडेनवमीला आयुध पूजा म्हणतात आणि सगळं गाव ती करतं. रिक्षावाला रिक्षाला झेंडूची माळ घालतो, शिवणारी बाई मशीनला गंध लावते, कारखान्यांच्या दारात कुंकू भरलेले कोहळे फोडतात. आणि पूजेच्या आधी कारखान्यातलं बंद पडलेलं सगळं बाहेर काढतात. बंद पडलेल्याला गंध लावायचं नाही, अशी त्यांची रीत. हे इतकी वर्षं तिथे काम करतात, त्यांच्याही अंगात ती भिनली आहे.

"बाबा गेल्यापासून ही चालू झालेली नाही," मी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले. "मी दोनदा ओढून बघितली. खोकते आणि मरते. यंदा पूजेत मेलेलं काही ठेवायचं नाही. भंगारवाला येऊन गेला की ती जागा मोकळी."

"चालू झाली तर?" मी विचारलं.

"झाली तर ठेवू की. माझं काय भांडण आहे तिच्याशी? पण कोण करणार?"

म्हणजे नवमीपर्यंतची मुदत. मी भाजी चिरत राहिले.

संध्याकाळी लेक आली, तिला सांगितलं. ती लगेच मोबाइल घेऊन बाल्कनीत गेली. "आई, सोपं आहे. फोटो टाकायचा, मॉडेल कळेल. मॉडेल कळलं की पार्ट मिळतो."

तिने पुढून, मागून, खालून फोटो काढले. फोटो टाकायच्या एका ठिकाणी लोकांनी लगेच उत्तरं दिली. एकाने एक मॉडेल सांगितलं, दुसऱ्याने दुसरं, तिसऱ्याने लिहिलं की नावाची पट्टी कुठे आहे ते दाखवा.

"पट्टी कुठे आहे गं?" लेकीने मशीन फिरवून बघितली. मग एकदम थांबली. "आई! हे काय आहे?"

दोरी ओढायच्या बाजूच्या झाकणावर, मधोमध, तळहाताएवढं काळपट-लाल कवच होतं. तिला ते आज दिसलं. मला रोज दिसायचं, पण मला ते काही वेगळं वाटलंच नव्हतं.

दर खंडेनवमीला मामंजी मशीन पाटावर ठेवायचे आणि चंदनाच्या गंधात माझं बोट बुडालं की झाकणावर स्वतःचं बोट टेकवून म्हणायचे, "इथे लाव. इथेच." वर कुंकू. आणि पुसायचं नाही, हा त्यांचा नियम होता. पुढच्या वर्षी त्याच्यावरच नवं. मधल्या वर्षभरात त्यावर तेल बसायचं, भुसा बसायचा, धूळ बसायची. ते सगळं मिळून दगडासारखं झालं होतं.

"त्याच्या खालीच असणार," लेक म्हणाली. "स्क्रू ड्रायव्हर आण, उडवते."

"हात लावू नकोस!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की ती घाबरून मागे सरली. मलाच माझा आवाज ओळखू आला नाही.

ते काढलं तर मामंजींची सगळी वर्षं निघणार. न काढलं तर मशीनच जाणार. मी रात्री जेवले नाही म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी हे आणि लेक गेल्यावर मी पोतं अंथरलं, तिथेच, उंबऱ्याशी. कोमट पाणी घेतलं, खोबरेल घेतलं, जुन्या सुती साडीचा तुकडा घेतला. तेल लावून ठेवलं, मग पाण्याने हळूहळू चोळलं. आधी काळं पाणी आलं. मग लाल. मग पिवळं, मग परत लाल. एकेक थर मऊ होत होता आणि त्यातून वास येत होता, आधी तेलाचा, मग चंदनाचा, अगदी ताजा, काल उगाळल्यासारखा. बाहेर उन्हात कुणाचा तरी प्रेशर कुकर शिट्ट्या देत होता. मला वाटलं, मी असंच चोळत राहिले तर खाली खाली जात शेवटी मामंजींचं बोट लागेल.

बोट नाही लागलं, पट्टी लागली. खरखरीत, पत्र्याची. इंग्रजी अक्षरं मला सावकाश जमतात. दोन अक्षरं आणि पुढे आकडे. पाणी गुलाबी झालं होतं, ते मी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं.

शनिवारी लेकीबरोबर गिंडीला गेले. तिथे कारखान्यांच्या मागच्या बाजूला एक दुकान आहे, गवत कापायच्या, लाकूड कापायच्या मशिनी दुरुस्त करतात. दुकानदार पन्नाशीचा, कपाळावर तीन बोटं विभूती. लेकच बोलली. मी खुर्चीच्या कडेला बसले होते.

"मॉडेल एन्ना?" त्याने विचारलं. लेकीने पट्टीचा फोटो दाखवला. त्याने मान डोलावली, आतून एक छोटी पुडी आणून दिली. त्यात कागदाएवढा पातळ रबरी पडदा होता. कार्बोरेटरमधला तो पडदा जुना झाला की कडक होतो, पेट्रोल ओढत नाही, म्हणून मशीन खोकते आणि मरते, असं त्याचं म्हणणं. लेकीने मला मराठीत सांगितलं. मला ते म्हाताऱ्या माणसाच्या दम्यासारखं वाटलं.

संध्याकाळी ह्यांनी मशीन उघडली. कामाच्या माणसाचे हात आहेत, पटकन उघडली. पडदा ठेवला. फिरवला. परत ठेवला.

"भोकं जुळत नाहीत."

"उलटा झाला असेल," लेक म्हणाली.

"मी रोज उलटंसुलटंच करतो का तिथे? मॉडेल चुकलंय. नीट वाचलं होतंस का?"

"अप्पा, फोटोच दाखवला. फोटो चुकीचं वाचतो का?"

"मग तुझा दुकानदार चुकला."

ते पुडी बंद करून हात धुवायला गेले. जाता जाता म्हणाले, "भंगारवाल्याला मंगळवारी बोलावलंय," आणि ते रागाने नाही, थकून म्हणाले. रागाने म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी लेकीची परीक्षा होती. ह्यांची सकाळची पाळी. मी घर झाडलं, भांडी घासली, आणि मग पातं काढून ठेवलं, मशीन जुन्या साडीत गुंडाळली, बाजाराच्या मोठ्या पिशवीत घातली आणि बस स्टॉपवर गेले.

बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. साडीतून दोरीची मूठ बाहेर आली होती. शेजारच्या म्हातारीने ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं, परत मुठीकडे बघितलं. "बाळ?" असं तिने तमीळमध्ये विचारलं आणि स्वतःच हसली. मीही हसले. मग तिने ती पूर्ण वाटभर आपल्या गुडघ्यावर अर्धी धरली, जड आहे म्हणून. खिडकीतून झाडं मागे जात होती. आमच्यासारखीच तीही कुठेतरी निघाली आहेत असं वाटत होतं. यातलं एखादं मामंजींनी कापलेलं असेल, आणि बुंध्याला परत फुटलं असेल.

दुकानात शिरले. दुकानदार म्हणाला, "उक्कारुंगा मा." मी बसले नाही. पिशवी टेबलावर ठेवली, साडी सोडली, पुडी पुढे केली आणि पाठ केलेलं वाक्य सगळं विसरून गेले. शेवटी नुसतं बोटांनी दाखवलं, हे ह्यात बसत नाही.

"मॉडेल?"

"तेरियादु," मी म्हणाले. माहीत नाही. तेवढंच आलं.

तो खाली वाकला. मशीन उताणी केली, पेट्रोलमध्ये फडकं भिजवून तिचं पोट पुसू लागला. बराच वेळ पुसत होता. इंजिनाच्या खालच्या अंगाला धातूत ठोकलेले बारीक आकडे निघाले. मग त्याने झाकणाचे स्क्रू बघितले, माझ्याकडे बघितलं, आणि झाकण आणि अंग यांच्या मधल्या रेषेवरून अंगठा फिरवला.

"इदु ओण्णु इल्लै मा. रेंडु."

ही एक नाही. दोन आहेत.

मग त्याने मला हातवारे करून, सोपे शब्द घेऊन समजावलं. झाकण एका मशीनचं, पट्टी त्या झाकणाबरोबर आलेली. इंजिन वेगळ्या मशीनचं, दुसऱ्या मॉडेलचं. कुणीतरी दोन मशिनींची एक केली आहे, भोकं थोडी घासून, स्क्रू बदलून. झाकणाचा नारिंगी रंग आणि अंगाचा नारिंगी रंग त्याने मला शेजारी शेजारी दाखवला. झाकण फिकं होतं. ते मला इतकी वर्षं माहीत होतं. पण खुंटीवर ती बाजू उन्हाकडे असायची, म्हणून उन्हाने विटलं असं मी धरून चालले होते. आम्ही सगळेच.

"चांगलं काम केलंय," तो झाकण परत लावताना म्हणाला, आणि दुसरी पुडी काढून पहिली परत घेतली.

संध्याकाळी ताटं वाढली तेव्हा मी ह्यांना सांगितलं. "पट्टी चुकीची नव्हती. झाकण दुसऱ्या मशीनचं आहे. आपली मशीन दोघींची मिळून झाली आहे."

ह्यांचा घास हातात राहिला.

"कुणी सांगितलं?"

"गिंडीला जाऊन आले."

"एकटी?"

"अप्पा, ते नंतर," लेक म्हणाली. "दोन मशिनी कुठून आल्या?"

हे मग भात कालवत कालवत बोलू लागले, ताटाकडे बघून. "आम्ही आधी एन्नोरकडे राहायचो. मी लहान होतो. तेव्हा दोघं होते, आमचे बाबा आणि त्यांचा जोडीदार. तिकडचाच, कोळ्यांच्या वस्तीतला. दोघांच्या दोन मशिनी. ओंडक्याला दोन्हीकडून लागायचे. घरी यायचे तर एकाच सायकलवर, दोन मशिनी लटकवून. एका वादळानंतर अर्धवट मोडलेलं झाड वरून खाली आलं. माणूस वाचला. मशीन चेपली. त्याने परत कधी हातात धरली नाही. बाबा त्याला न्यायला गेले होते दोनदा, मी होतो बरोबर. तो दारात यायचा नाही."

"मग?"

"मग काय. ते चेपलेलं त्याने देऊन टाकलं असेल. हिचं झाकण फुटलं असेल कधीतरी, तेव्हा बाबांनी ते बसवलं असेल. मला आठवत नाही. मला एवढंच आठवतंय की घरात दोन होत्या आणि मग एकच होती."

मला मामंजींचं बोट दिसत होतं. इथे लाव. इथेच. त्यांनी मला सगळ्या झाडांचे वास सांगितले, पण हे कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं. आम्ही दोघंही न विचारणारी माणसं.

जेवण झाल्यावर ह्यांनी हात पुसले आणि स्वतःहून मशीन खाली घेतली. लेकीने मोबाइलचा उजेड धरला. नवा पडदा बसला, भोकं जुळली. पातं चढवलं, पेट्रोल घातलं. आम्ही खाली उतरलो, गेटाजवळ. ह्यांनी मशीन जमिनीवर ठेवून तिच्या मुठीवर पाय दिला आणि दोरी ओढली. खोकली. परत ओढली. खोकली, थोडी जास्त. "अप्पा, राहू द्या, उद्या," लेक म्हणाली. ह्यांनी ऐकलं नाही. पुढच्या वेळी ती पेटली.

पहिल्यांदा सगळं निळ्या धुराने भरून गेलं. मग तो आवाज. जाड, मग बारीक. दुपारच्या झोपेतला माझा आवाज, पण समोर, पायाखालची फरशी हलवणारा. वरच्या मजल्यावरची बाई कठड्यावर येऊन ओरडली, "एन्ना सत्तम!" केवढा हा आवाज. लेक कान झाकून हसत होती. ह्यांचा चेहरा मला अंधारात दिसत नव्हता. ते मशीन बंद करत नव्हते, एवढंच.

मंगळवारी भंगारवाल्याला त्यांनी जुना कुकर आणि मोडकी खुर्ची दिली. तो बाल्कनीकडे बघत होता, तर म्हणाले, "ती नाही."

नवमीला मी गंध उगाळलं. मशीन पाटावर होती, झेंडूची माळ घातलेली. माझं बोट सवयीने झाकणावर गेलं, पट्टीवर, आणि मी तिथे गंध लावलं, कुंकू लावलं, त्या न बघितलेल्या माणसाचं म्हणून. मग मशीन थोडी कलती केली आणि खाली पोटाशी, दुकानदाराने पुसून काढलेल्या आकड्यांजवळ, दुसरं गंध लावलं. ते मामंजींचं.

"आकड्यांवर लावू नकोस हं," लेक म्हणाली. "परत शोधत बसायला मला वेळ नाही."

"बाजूला लावलंय," मी म्हणाले.

दसऱ्याच्या सकाळी कोपऱ्यावरच्या एका घरासमोर फांदी पडली होती, लोकांनी ह्यांना बोलावलं. ते मशीन घेऊन गेले. मी आत पुरणाचं बघत होते. आवाज येत होता, एक गल्ली पलीकडून, आणि या वेळी मला उठून बसायची गरज नव्हती.

ते परत आले ते सरळ स्वयंपाकघराशी. पोतं त्यांना सापडलं नाही, म्हणून त्यांनी उंबऱ्याशी वर्तमानपत्र टाकलं, त्यावर मशीन ठेवली आणि उभेच राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी तो खेळ कधी खेळला नव्हता. मला वाटायचं, त्यांचं लक्षच नव्हतं.

"सांग," ते म्हणाले.

मी हात पुसून खाली बसले. साखळीला नाक लावलं. पेट्रोल, तेल, थोडं चंदन. बाकीचं अजून यायचं होतं. मी घाई केली नाही.